ऐतिहासिक कादंबरीतील स्त्रीजीवन आणि वाचकाचा आस्वाद : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक चिंतन

प्रस्तावना

मराठी वाचकाचा इतिहासाशी पहिला परिचय बहुधा पाठ्यपुस्तकातून होतो. परंतु त्याला इतिहासाची गोडी लागते ती कादंबरीमुळे. राक्षसभुवनच्या लढाईचे वर्ष ज्याला आठवत नाही, अशा वाचकालाही थेऊरचा वाडा, माधवराव पेशव्यांचे आजारपण आणि रमाबाईंचा शेवट हे सारे तपशिलाने आठवते. हा परिणाम रणजित देसाई यांच्या 'स्वामी' (1962) या कादंबरीचा होय. ऐतिहासिक कादंबरीतील राजकारण कालांतराने विस्मरणात जाते, तिच्यातील स्त्रिया मात्र वाचकाच्या मनात घर करून राहतात. असे का व्हावे, हा प्रश्न साहित्यसमीक्षेइतकाच इतिहासलेखनाचाही आहे.

हा आनंद कशातून निर्माण होतो, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि भंडारा जिल्ह्यासारख्या प्रदेशातील वाचकाच्या दृष्टीने त्याला कोणता अर्थ प्राप्त होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. कागदपत्रे जेथे स्त्रीविषयी मौन पाळतात तेथे कादंबरी बोलू लागते, आणि वाचकाच्या आनंदाचे मूळ या मौनभंगात आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय. मात्र कादंबरीने भरलेली जागा म्हणजे सापडलेला पुरावा नव्हे. हा भेद जपला तरच हा आनंद इतिहासाच्या अभ्यासाला उपकारक ठरू शकतो.

मराठी कादंबरी, इतिहास आणि स्त्री

मराठी कादंबरीचा प्रारंभच स्त्रीजीवनाच्या प्रश्नाने झाला. बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (1857) या कादंबरीचा विषय हिंदू विधवांची दुःस्थिती हा होता. पुढे रा. भि. गुंजीकर यांची 'मोचनगड' ही पहिली ऐतिहासिक कादंबरी 1871 पासून 'विविधज्ञानविस्तार'मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. हरि नारायण आपटे यांच्या लेखनात हे दोन्ही प्रवाह एकत्र नांदताना दिसतात. 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये त्यांनी समकालीन विधवेची कहाणी तिच्याच मुखातून सांगितली, तर 'उषःकाल', 'रूपनगरची राजकन्या' यांसारख्या कादंबऱ्यांतून भूतकाळाचे चित्र उभे केले. सामाजिक कादंबरीत हरिभाऊंनी स्त्रीच्या अंतरंगाला जे स्थान दिले, तसे ते ऐतिहासिक कादंबरीत मिळण्यास बराच काळ जावा लागला. आरंभीच्या ऐतिहासिक कादंबरीतील स्त्री ही पराक्रमाची प्रेरणा, अपहरणाचा विषय किंवा कुलाच्या प्रतिष्ठेचे प्रतीक म्हणून अवतरते.

स्वातंत्र्योत्तर काळात हे चित्र पालटले. ना. सं. इनामदार यांच्या 'राऊ' (1972) मध्ये मस्तानी आणि काशीबाई, तर 'शिकस्त'मध्ये पानिपतानंतरच्या पार्वतीबाई वाचकाच्या सहानुभूतीचा विषय झाल्या. श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (1968) ने एकोणिसाव्या शतकातील एका विवाहित मुलीच्या शिक्षणाची कथा घरोघरी पोहोचविली. विजया जहागीरदार यांनी 'कर्मयोगिनी'मध्ये अहिल्याबाई होळकरांचे जीवन मांडले, तर यशवंत मनोहर यांनी 'रमाई' या कादंबरीतून रमाबाई आंबेडकरांच्या कष्टमय संसाराला साहित्यात स्थान दिले. पेशव्यांच्या वाड्यापासून परळच्या चाळीपर्यंतचा हा प्रवास ऐतिहासिक कादंबरीच्या विस्ताराचा आणि वाचकवर्गाच्या विस्ताराचाही निदर्शक आहे.

आस्वादाचे स्वरूप

या कादंबऱ्या वाचताना वाचकाला मिळणारा आनंद तीन प्रकारचा असतो. पहिला आनंद तपशिलाचा. देवघर, माजघर, सणवार, वस्त्रे, पंगती यांचे वर्णन वाचताना वाचक जुन्या वाड्यातून फिरून येतो. दुसरा आनंद ओळखीचा. दोनशे वर्षांपूर्वीच्या स्त्रीची सासरची घुसमट, मूल गमावल्याचे दुःख किंवा नवऱ्याच्या मोठेपणाखाली दबून गेलेले मन वाचकाला परके वाटत नाही. तिसरा आनंद सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जोखमीचा आहे. बखरीत, रोजकीर्दीत वा पत्रव्यवहारात जिचा उल्लेख दोन ओळींत संपतो तिला कादंबरीत मन लाभते. ती विचार करते, रागावते, निर्णय घेते.

मस्तानीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तिच्याविषयीची माहिती मुख्यतः इतरांनी लिहिलेल्या पत्रांतून मिळते. तिच्यामुळे कुटुंबात निर्माण झालेला पेच, तिच्यावर घातलेली नजरकैद, 1740 मध्ये बाजीरावांच्या पाठोपाठ झालेला तिचा अंत आणि पानिपताच्या रणात जखमी होऊन 1761 मध्ये मृत्यू पावलेला तिचा पुत्र समशेरबहाद्दर, एवढ्या आधारांवर तिची आकृती उभी राहते. तिला काय वाटले, हे या पत्रांचा विषयच नव्हते. 'राऊ'चा वाचक ज्या मस्तानीवर लोभ करतो, ती या रिकाम्या जागेत कादंबरीकाराने निर्माण केलेली आहे.

रमाबाईंच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर होतो. 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊर येथे माधवराव पेशव्यांचे निधन झाले आणि रमाबाई सती गेल्या. थेऊरचे त्यांचे वृंदावन आजही दाखविले जाते. 'स्वामी' वाचणारा वाचक या प्रसंगी गहिवरतो. पतिपत्नीच्या निष्ठेची ती परिसीमा त्याला उदात्त वाटते. इतिहासाचा अभ्यासक याच प्रसंगी काही प्रश्न विचारतो. निपुत्रिक पेशवीणबाईंपुढे दुसरा कोणता मार्ग खुला होता? वैधव्याचे जिणे कसे असते, हे त्यांनी आसपास पाहिले नव्हते काय? निर्णय त्यांचा होता, असे म्हणताना 'निर्णय' या शब्दाचा अर्थ कोणता? डोळ्यांत पाणी आणणारा आस्वाद या प्रश्नांना झाकून टाकू शकतो. वाचकाचे अश्रू खरे असतात. परंतु त्या अश्रूंमुळे सतीची चाल सुंदर वाटू लागणे हा या आस्वादातील धोका होय. 'स्वामी'ला 1964 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला आणि तिच्या वाचकांच्या अनेक पिढ्या झाल्या. म्हणूनच हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही.

'आनंदी गोपाळ' : कादंबरी आणि कागद

कादंबरी व पुरावा यांची तुलना करण्यास 'आनंदी गोपाळ' हे सर्वांत सोयीचे उदाहरण आहे. कारण येथे नायिका मुकी नाही. आनंदीबाई जोशी यांचा जन्म 31 मार्च 1865 रोजी झाला. नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी झालेला आणि दहा दिवसांत दगावलेला मुलगा, 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथे इंग्रजीतून दिलेले भाषण, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून 11 मार्च 1886 रोजी मिळविलेली पदवी आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी क्षयाने पुण्यात झालेला अंत, असे हे अवघ्या बावीस वर्षांचे आयुष्य. अमेरिकेतील थिओडिशिया कार्पेंटर यांना त्यांनी लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. कॅरोलाइन हीली डॉल यांनी 1888 मध्ये इंग्रजीतून, तर काशीबाई कानिटकर यांनी 1889 मध्ये मराठीतून त्यांचे चरित्र लिहिले. मराठी स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे चरित्र लिहिण्याचा तो आरंभीचा महत्त्वाचा प्रयत्न होय.

असे असूनही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सामान्य वाचकाला आनंदीबाई ठाऊक झाल्या त्या 1968 च्या कादंबरीमुळे. या कादंबरीचे ऋण मान्य करावयास हवे. विस्मरणात जाऊ पाहणारे एक नाव तिने लोकांच्या ओठांवर आणले. परंतु शीर्षकातच 'आनंदी'ला 'गोपाळ' जोडलेला आहे. गोपाळरावांचा विक्षिप्त, हट्टी, कधी क्रूर तर कधी कळवळ्याचा स्वभाव हा कादंबरीकाराच्या कुतूहलाचा मोठा विषय आहे आणि वाचकाचे लक्षही तिकडे ओढले जाते. मीरा कोसंबी यांनी आनंदीबाईंच्या पत्रांच्या आधारे या प्रतिमेची फेरतपासणी केली. अंजली कीर्तने यांनी 1997 मध्ये आनंदीबाईंचा काळ व कर्तृत्व यांचा विस्तृत शोध घेणारा ग्रंथ लिहिला. या अभ्यासांतून पुढे येणाऱ्या आनंदीबाई पतीने घडविलेली आज्ञाधारक मूर्ती राहत नाहीत. त्या स्वतःची मते बाळगतात, पतीच्या जुन्या मारहाणीची त्याला पत्रातून आठवण करून देतात आणि तरीही त्याच्याविषयी कृतज्ञ राहतात. हे मिश्रण कोणत्याही कल्पित व्यक्तिरेखेपेक्षा गुंतागुंतीचे आहे.

2019 मध्ये याच नावाचा चित्रपट प्रदर्शित झाल्यावर नव्या पिढीनेही आनंदीबाईंना पडद्यावर भेटून घेतले. कादंबरी, नाटक, चित्रपट अशा क्रमाने ज्या स्त्रीची प्रतिमा रुजते, तिची मूळ पत्रे वाचण्याची उत्सुकता मात्र क्वचितच निर्माण होते. आस्वाद येथे थांबतो, ही खरी खंत आहे.

भंडारा परिसरातील स्त्रिया

वरील सर्व नायिकांकडे पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. त्यांपैकी बहुतेकींचा वावर पुणे, सातारा व मुंबई या पट्ट्यात किंवा त्यांच्याशी निगडित घराण्यांत आहे. भंडारा जिल्ह्यातील वाचक त्यांच्यावर मनापासून प्रेम करतो. परंतु वैनगंगेच्या खोऱ्यातील भूतकाळ त्याला त्यांतून भेटत नाही. वस्तुतः या परिसराच्या इतिहासात स्त्रियांची वाण नाही.

शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील रामटेकजवळचे नगरधन म्हणजे वाकाटकांचे नंदिवर्धन. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या आणि दुसऱ्या रुद्रसेनाची राणी प्रभावतीगुप्ता हिने पतीच्या निधनानंतर आपल्या अल्पवयीन पुत्रांच्या वतीने येथून राज्यकारभार पाहिला. तिच्या ताम्रपटांत तिने सासरच्या वंशावळीऐवजी माहेरच्या गुप्त घराण्याची वंशावळ दिली आणि माहेरचेच धारण गोत्र सांगितले, ही बाब वा. वि. मिराशी यांच्यापासून अनेक अभ्यासकांच्या चर्चेचा विषय झाली आहे. नगरधनच्या अलीकडील उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही मिळाली. पंधरा-सोळा शतकांपूर्वी विधवा झालेली एक राणी स्वतःच्या नावे दानपत्र देते आणि आपली ओळख आपल्या शब्दांत नोंदविते, यापेक्षा समर्थ नायिका कादंबरीकाराला कोणती हवी?

भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे 1969-70 मध्ये झालेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवरील प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि ब्राह्मी लिपीतील लेख उजेडात आले. सांची व भारहूत येथील स्तूपांवर भिक्षुणी आणि उपासिकांची नावे दात्या म्हणून कोरलेली आहेत. त्या परंपरेशी जोडून पवनीचा विचार केला, तर स्तूप उभारणाऱ्या समाजात स्त्रियांचे स्थान काय होते, हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

महानुभाव पंथाच्या इतिहासात भंडाऱ्याचे नाव नीळभट्ट भांडारेकार या श्रीचक्रधरांच्या शिष्यामुळे चिरंतन झाले आहे. याच पंथातील महदाइसेने तेराव्या शतकात रिद्धपूर येथे 'धवळे' रचले. रुक्मिणीस्वयंवर हा त्यांचा विषय. विदर्भाच्या राजकन्येने आपला वर आपण निवडल्याची कथा एका स्त्रीने लग्नगीतांच्या रूपात सांगावी, ही घटना अर्थपूर्ण आहे. भूतकाळातील स्त्रीची कथा रचण्याचा आणि ती ऐकण्याचा आनंद मराठीत कादंबरीच्या कितीतरी आधीपासून होता, आणि त्याची एक मोठी खूण विदर्भातच आहे, हे यावरून दिसून येते.

अठराव्या शतकात देवगडचा गोंड राजा चांदसुलतान याच्या मृत्यूनंतर वलीशहाने गादी बळकाविली. तेव्हा राणी रतनकुंवर हिने आपल्या पुत्रांच्या हक्कासाठी वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना पाचारण केले. रघूजींनी वलीशहाचा पाडाव केला. पुढे राणीच्या दोन पुत्रांतील कलहात त्यांनी राज्यच हाती घेतले. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा उदय, आणि म्हणून भंडाऱ्याचा पुढील शंभर वर्षांचा इतिहास, एका विधवेच्या या पाचारणाशी निगडित आहे. राजकीय इतिहासात हा प्रसंग एका वाक्यात येतो. वलीशहाच्या तावडीतील राणीने परक्या सेनापतीवर विश्वास कसा ठेवला आणि तो विश्वास महागात पडल्यावर तिला काय वाटले असेल, हे वाक्य सांगत नाही.

बाकाबाई : लोककल्पनेने रचलेली कथा

जेथे कादंबरीकार पोहोचला नाही तेथे कधी कधी लोककल्पना पोहोचते. दुसऱ्या रघूजी भोसल्यांची राणी बाकाबाई हे याचे ठळक उदाहरण होय. 1816 मध्ये पतीचे निधन, 1817 मध्ये परसोजींची हत्या, त्याच वर्षी नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई आणि त्यानंतर आप्पासाहेबांची पदच्युती, अशा उलथापालथीतून ती गेली. अल्पवयीन तिसऱ्या रघूजीच्या काळात राजवाड्यातील कारभार तिच्याकडे होता. सत्तेची सूत्रे मात्र ब्रिटिश रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांच्या हाती होती. 11 डिसेंबर 1853 रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. राजवाड्यातील हत्ती, घोडे व जडजवाहीर लिलावात निघाले. राण्यांनी दाद मागण्याचा प्रयत्न केला. तो निष्फळ ठरला. 1857 च्या उठावात मात्र वृद्ध बाकाबाईने इंग्रजांच्या बाजूने आपले वजन खर्च केले.

नागपुरात तान्ह्या पोळ्याच्या दिवशी निघणाऱ्या काळ्या मारबतीचा संबंध लोक बाकाबाईशी जोडतात. 1881 पासून चालत आलेल्या या मिरवणुकीत इंग्रजांना मिळालेल्या राणीचा निषेध केला जातो, अशी समजूत रूढ आहे. मारबत गावाबाहेर नेऊन जाळण्याची चाल भंडारा जिल्ह्यातील खेड्यांतही आहे. तेथे ती रोगराई व इडापिडा दूर करण्याचा विधी म्हणून पाळली जाते. म्हणजे एका जुन्या कृषिविधीवर नागपुरात एका ऐतिहासिक स्त्रीची कथा बेतली गेली. ही कथासुद्धा एक प्रकारची ऐतिहासिक कादंबरीच होय. तिला हजारो श्रोते व प्रेक्षक आहेत आणि तिचा निकाल आधीच लागलेला आहे.

इतिहासाने हा निकाल पुन्हा तपासावयास हवा. जिचे राज्य गेले, दागिने विकले गेले आणि घराण्याचे दत्तकविधान व निर्वाहवेतन इंग्रजांच्या मर्जीवर अवलंबून होते, अशा पंच्याहत्तरीच्या घरातील स्त्रीने घेतलेला निर्णय भ्याडपणाचा होता, व्यवहाराचा होता की कुलरक्षणाचा? बंडात न उतरलेल्या अनेक संस्थानिकांच्या वाट्याला अशी वार्षिक विटंबना आली नाही. पुरुषांना मिळालेली सूट बाकाबाईला का मिळाली नाही, या प्रश्नात स्त्रीविषयक इतिहासदृष्टीचे सार सामावलेले आहे.

नाव नसलेल्या स्त्रिया

राण्यांच्या पलीकडे एक विशाल वर्ग उरतो. भंडारा हा धानाचा व तलावांचा जिल्हा. पावसाळ्यात बांधीतील चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या, घरोघरी विड्या वळणाऱ्या आणि कोशाच्या धाग्यावर काम करणाऱ्या स्त्रियांच्या श्रमावर येथील अर्थव्यवस्था उभी राहिली. बंदोबस्ताच्या मिसली, वाजिब-उल-अर्ज, फेरफार पंजी, कोतवाल पंजी अशा अभिलेखांत त्यांचा माग लागू शकतो. परंतु तेथे स्त्री प्रायः कोणाची विधवा, कोणाची मुलगी वा कोणाची वारस म्हणून येते. आंबेडकरी चळवळीने या अनामिकतेला पहिला मोठा छेद दिला. 20 जुलै 1942 रोजी नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य महिलांची परिषद भरली. 1954 च्या पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकर स्वतः भंडारा मतदारसंघातून उमेदवार होते. चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी 1989 मध्ये सिद्ध केलेले 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दाखवून देते की, योग्य वेळी विचारले तर स्त्रिया आपला इतिहास स्वतः सांगतात. त्या वेळी ज्यांना विचारले गेले नाही, त्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबरच गेल्या.

झाडीपट्टीत दंडार व नाटक यांची परंपरा मोठी आहे. सुगीनंतरच्या रात्रभर चालणाऱ्या नाट्यप्रयोगांना येणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांनीही ऐतिहासिक कथेचा आस्वाद घेतला आहे. त्यामुळे 'वाचक' या संज्ञेत या श्रोत्या-प्रेक्षक स्त्रियांचाही समावेश करणे आवश्यक ठरते.

अध्यापनातील उपयोग

फ्रेंच खेड्यातील मार्टिन गेर याच्या तोतयाची प्रसिद्ध कथा इतिहासकार नताली झेमन डेव्हिस यांनी त्याची पत्नी बर्त्रांद हिच्या दृष्टीनेही मांडली (1983). पुरावा कोठे संपतो आणि आपले अनुमान कोठे सुरू होते, हे त्या 'कदाचित', 'शक्य आहे' अशा शब्दांनी वाचकाला कळू देतात. कादंबरीकारावर असे बंधन नाही. त्यामुळे ती जबाबदारी वाचकावर आणि त्याला घडविणाऱ्या अध्यापकावर येते.

महाविद्यालयीन पातळीवर हे कार्य कठीण नाही. कादंबरीतील एखादे प्रकरण आणि त्या प्रसंगाचे उपलब्ध पत्र वा चरित्र शेजारी ठेवून विद्यार्थ्यांकडून वाचून घेता येते. कोणती वाक्ये पुराव्याची, कोणती तर्काची आणि कोणती कल्पनेची, याची विभागणी त्यांनी करावी. त्यानंतर आपल्या गावातील वृद्ध स्त्रियांच्या आठवणी, जात्यावरच्या ओव्या आणि घरातील जुने कागद यांची नोंद घ्यावी. कादंबरीने जागविलेले कुतूहल अशा रीतीने पवनीच्या टेकडीपर्यंत आणि तहसील कार्यालयाच्या अभिलेखकक्षापर्यंत नेता येते.

निष्कर्ष

1. ऐतिहासिक कादंबरीतील स्त्रीजीवनाचा आस्वाद हा केवळ मनोरंजन नव्हे. इतिहासाने न सांगितलेले जाणून घेण्याची ती इच्छा आहे.

2. हा आस्वाद पुरावा व कल्पना यांतील भेद पुसून टाकू शकतो. रमाबाईंच्या सतीगमनासारख्या प्रसंगी तो अन्यायालाही उदात्ततेचा मुलामा देऊ शकतो.

3. आनंदीबाईंसारख्या स्त्रीचे स्वतःचे शब्द उपलब्ध असताना कादंबरीवर थांबणे हे वाचकाचेच नुकसान आहे.

4. भंडारा परिसराला प्रभावतीगुप्ता, महदाइसा, रतनकुंवर व बाकाबाई अशा स्त्रियांचा वारसा लाभला आहे. त्यांच्याकडे अभ्यासक व लेखक यांनी वळणे आवश्यक आहे.

5. श्रमिक स्त्रियांचा इतिहास अजूनही मौखिक स्मृतीत आहे. ती स्मृती टिपून घेण्यास उपलब्ध असलेला काळ दिवसेंदिवस कमी होत आहे.

थेऊरच्या रमाबाईंसाठी डोळे पुसणाऱ्या भंडाऱ्याच्या वाचकाने आपल्याच आजीला तिच्या लग्नाचे, रोवणीच्या दिवसांचे आणि गमावलेल्या मुलांचे विचारले, तर त्याच्या वाचनाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.